राखणदाराच्या तारेचा हिशेब

औंधला मूळपीठाच्या डोंगरावर यमाईचे दर्शन घेऊन बाहेर आले आणि तटावरून खाली नजर टाकली, की खटाव तालुक्याचे शिवार किती विखुरलेले आहे ते एका दृष्टीत कळते. गाव एकीकडे, वस्त्या दुसरीकडे आणि विहिरी तिसरीकडेच. पाणी जिथे लागले तिथे विहीर पडली. घर मात्र रस्त्याच्या कडेला राहिले. मधले अंतर कुठे दोनशे मीटर, कुठे चारशे. पूर्वी या अंतराचे कोणाला काही वाटत नसे. माळ्यावर गोफण घेऊन बसणारा गडी होता, रात्री विहिरीवर झोपायला घरातला एखादा पोरगा होता. आता गडी मिळत नाही आणि पोरगा पुण्याला कंपनीत आहे. वस्तीवर म्हातारा-म्हातारी दोघेच. अशा घरांत गेल्या काही वर्षांत एक नवा राखणदार येऊ लागला आहे. तो खांबावर बसतो, मान फिरवतो, अंधारात बघतो आणि पुण्यातल्या पोराच्या मोबाईलवर दिसतो. त्याचे नाव कॅमेरा. त्यातही मोटारीवर फिरणारा.

कारण उघड आहे. विहिरीवरची मोटर, स्टार्टर आणि सर्वांत जास्त म्हणजे मोटारीची केबल. चोर केबल तोडून नेतात, आडरानात जाळतात आणि आतले तांबे भंगारात घालतात. चोराला मिळतात थोडे पैसे. शेतकऱ्याची मात्र नवी केबल, मोटर वर काढण्याची मजुरी आणि पाण्याची पाळी असे तिन्ही जाते. आले किंवा द्राक्ष ऐन भरात असताना आठ दिवस पाणी चुकले तर त्या नुकसानीचा पंचनामा कोणी करत नाही. पलीकडे आटपाडीकडे डाळिंबाच्या बागा आहेत, तिथे तयार मालच रातोरात उतरवून नेण्याची भीती. तेव्हा कॅमेरा ही चैन राहिलेली नाही, हे आधीच मान्य करू. प्रश्न आहे तो कॅमेऱ्याचा नाही. घरापासून खांबापर्यंत जी तार जाते, तिचा आहे.

ही गोष्ट एका मळ्याची म्हणून सांगतो, पण ती चार मळ्यांवर चार तऱ्हेने घडते, म्हणून नाव घालत नाही. घर ते विहीर अंतर तीनशे मीटर. कॅमेरा चांगला, चोवीस व्होल्टवर चालणारा, गोल घुमटाचा, सगळीकडे फिरणारा. बसवणारा शहरातून आला. घरात छोटा ट्रान्सफॉर्मर लावला, घरगुती वायरिंगची असते तशी एक चौरस मिलिमीटरची दोन तारांची वायर बांधाच्या कडेने ओढली, चित्र लागले, पेढे वाटले आणि गाडी निघून गेली. रात्री आठ वाजता चित्र गेले.

“दिवसा समदं झ्याक दिसतंय,” मालक सांगतात. “अंधार पडला की दिवं लागत्यात त्येचं. मग नुसतं मान फिरव म्हनलं, की पडदा काळा. परत आपला सुरू हुतो, मान गरागरा फिरवतो, परत काळा. रातभर ह्योच धंदा. चोर बघायचा का ह्येच्याकडं बघायचं?”

बसवणाऱ्याला फोन केला तर त्याने कॅमेरा बदलून दिला. बदललेल्यानेही तेच केले. कारण दोष कॅमेऱ्यात नव्हताच.

शेतकऱ्याला हे नवे नाही

खरे तर ही गोष्ट खटावच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. लाईनच्या शेवटच्या टोकाला ज्याची विहीर आहे त्याला विचारा. डीपीजवळच्या माणसाची मोटर फुरफुरत उठते आणि टोकाच्या माणसाची नुसती गुणगुणते, तापते आणि शेवटी रिवायंडिंगला जाते. मधल्या तारेत दाब खाल्ला जातो. जितकी तार लांब तितका जास्त, जितकी बारीक तितका जास्त, आणि मोटर जितका करंट ओढेल तितका जास्त. या तीन गोष्टी एकमेकींशी गुणल्या जातात. पाइपलाइनचेही तेच आहे. इंची पाइपातून हजार फुटांवर पाणी नेले तर नळाला धार लागते, पण पाच नळ उघडले की थेंब थेंब. याच औंध संस्थानाच्या मुलखात, कुंडलजवळच्या माळावर, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. त्या किर्लोस्करवाडीच्या पंपांवर इथल्या दोन-तीन पिढ्या जगल्या आहेत. दाब पडणे म्हणजे काय ते इथे आजोबांनाही ठाऊक. फक्त कॅमेरा ही वस्तू शहरातून आली म्हणून तिला हा नियम लागू नाही असे आपण धरून चालतो.

आता आकडे घालून बघू. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण अठरा ओहम असतो. अंतर तीनशे मीटर असले तरी वीज जाते आणि परत येते, म्हणून तार धरायची सहाशे मीटर. इथेच निम्मे लोक चुकतात. सहाशे मीटरला सुमारे अकरा ओहम झाले. दिवसा कॅमेरा गप्प बसून बघतो, तेव्हा त्याला दहा वॅटच्या आसपास लागतात. अर्ध्या अँपिअरहून थोडा जास्त करंट वाहतो, तारेत सहा व्होल्ट जातात आणि टोकाला अठरा उरतात. कॅमेरा कुरकुरत का होईना चालतो. रात्री अंधारात बघायचे दिवे लागतात, त्यात मान फिरवणाऱ्या मोटारी सुरू होतात, मागणी तीस वॅटवर जाते. आणि गणित असे आहे की चोवीस व्होल्टवर अकरा ओहमच्या तारेतून टोकाला तेरा वॅटच्या वर शक्ती पोहोचूच शकत नाही, कॅमेऱ्याने कितीही ओढो. तो ओढतो, दाब कोसळतो, त्याचा मेंदू बंद पडतो. बंद पडला की मागणी संपते, दाब परत चढतो, तो जागा होतो. जागा झाल्यावर आपली दिशा तपासायला एकदा पूर्ण फिरतो, फिरायला मोटर लागते, की पुन्हा कोसळतो. मालकांनी सांगितलेला रातभरचा धंदा तो हाच.

हाच कॅमेरा बारा व्होल्टचा असता तर दिवसासुद्धा चालला नसता. दाब निम्मा झाला की तीच तार एक चतुर्थांश शक्ती पोहोचवते; तीन-सव्वातीन वॅटमध्ये तांबडा दिवा लुकलुकेल, बाकी काही नाही. बाजारात घरगुती कॅमेऱ्याबरोबर जो काळा अ‍ॅडॉप्टर मिळतो तो दहा-वीस मीटरसाठी असतो, शिवारासाठी नाही.

“मग जाड वायर घ्या” हा सर्वांत सोपा सल्ला. तोही तपासून बघा. चारची वायर ओढली तर सहाशे मीटरला पावणेतीन ओहम येतात आणि तीस वॅटला टोकाशी वीसच्या आत व्होल्ट उरतात. चोवीसच्या कॅमेऱ्याला दहा टक्के कमी-जास्त चालते असे धरले तर साडेएकवीस तरी हवेत. म्हणजे चारचीही पुरत नाही. आणि या चारच्या दोन तारांत तांबे किती भरते? एकवीस किलोंच्या वर. केबलचोरी थांबवायला आपण बांधावरून एकवीस किलो तांबे पसरून ठेवले, असा त्याचा अर्थ होतो.

काही जण दुसरी क्लृप्ती करतात. अठ्ठावीस व्होल्ट देणारे ट्रान्सफॉर्मर मिळतात, ते लावून तारेतला तोटा आधीच भरून काढायचा. थोड्या अंतराला हे चालते. पण लांब तारेवर वरून दाब वाढवत नेला तर दिवसा कॅमेरा गप्प असताना करंट कमी, म्हणून तोटाही कमी, आणि सगळा वाढीव दाब कॅमेऱ्याच्या अंगावर येतो. रात्री उपाशी आणि दिवसा अजीर्ण.

दाब शेवटी उतरवा

यावर उपाय वीज मंडळाने आपल्याला शंभर वर्षे दाखवून ठेवला आहे. लांब न्यायची वीज चढ्या दाबाने न्यायची आणि वापराच्या जागी डीपी बसवून उतरवायची. कॅमेऱ्यालाही तेच. घरातून दोनशे तीस व्होल्ट तसेच खांबापर्यंत न्या, खांबावर पावसापासून बंद अशी पेटी बसवा आणि त्या पेटीत ट्रान्सफॉर्मर ठेवा. चाळीस वॅट ओढले तरी दोनशे तीसवर करंट पाव अँपिअरच्या आत राहतो. दीडच्या तांब्याच्या तारेत सहाशे मीटरला सव्वासात ओहम. तोटा दोन व्होल्टसुद्धा नाही. दोनशे तीसातले दोन गेले तर ते कोणाला कळणारही नाहीत. तांबेही आठ किलोंवर येते. त्याहून शहाणपणाचे म्हणजे चारची अ‍ॅल्युमिनियमची आर्मर्ड केबल. तिचा तोटा याहूनही कमी भरतो, वरच्या पोलादी कवचामुळे कोयत्याने सहज तुटत नाही, आणि भंगारवाल्याकडे अ‍ॅल्युमिनियमला तांब्याचा भाव नाही.

मात्र इथून पुढे हा खेळ राहत नाही. चोवीस व्होल्टच्या तारेला हात लागला तर माणूस दचकतोही क्वचितच. दोनशे तीसच्या तारेवर ओल्या रानात पाय पडला तर काय होते ते सांगायला नको. दर पावसाळ्यात कुठेतरी बैल जातो, कधी माणूस जातो. म्हणून हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. घरातल्या टोकाला स्वतंत्र एमसीबी आणि तीस मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, केबलचे कवच आणि खांब दोन्ही अर्थिंगला बांधलेले. केबल अडीच फूट खोल चरात, खाली-वर वाळू, त्यावर विटांचा थर, मग माती. चर खणताना पैसे वाचवायला दीड फुटावर थांबणारे पुष्कळ आहेत. पण त्या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी नांगराचा फाळ तिथे पोहोचतोच. बांधाच्या कडेने न्यावी हे बरे. पण आपल्याकडे बांध म्हटला की शेजारी आला आणि शेजारी आला की भांडण आले. चर खणायच्या आधी चहाला बोलवावे, एवढेच सुचवतो.

वायर विकत घेताना आणखी एक फसगत होते. बाहेरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशा वायरी स्वस्तात मिळतात. दिसायला डिट्टो तांबे. रोध मात्र तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त. दुकानातच टोक पात्याने खरवडून बघावे. आत पांढरे निघाले तर आपण कशाचे पैसे देतो आहोत ते कळेल.

आता लाईट कुठून घ्यायची हाही सवाल आहे. विहिरीवर तर मोटारीची लाईट आहेच, मग घरून कशाला ओढायची, असे सहज वाटते. पण शेतीच्या फीडरची लाईट पाळीने येते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, असे आपण वर्षानुवर्षे काढले. सौर फीडर झाले तिथे दिवसा लाईट मिळू लागली, ही चांगलीच गोष्ट. पण चोर दिवसा येत नाही. लाईट नाही त्या वेळेला विहिरीवर जो अंधार असतो, तोच चोराचा मुहूर्त. तेव्हा कॅमेऱ्याला घराचीच लाईट हवी आणि तिच्या मागे घरात इन्व्हर्टर हवा. शेतीपंपाच्या जोडणीवरून दुसरे काही चालवण्याआधी महावितरणच्या कार्यालयात विचारावे, हेही सांगून ठेवतो.

चित्र आणि हुकूम

लाईटचे जमले म्हणजे सगळे जमले असे नाही. फिरत्या कॅमेऱ्याकडे तीन गोष्टींचे येणे-जाणे असते. लाईट जाते, चित्र येते आणि “उजवीकडे बघ, खाली बघ, जवळ आण” असा हुकूम जातो. तिघांची लांबीची मर्यादा निरनिराळी.

चित्र टीव्हीच्या केबलसारख्या गोल केबलमधून येत असेल, तर जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांसाठी ठोकताळा असा आहे: बारीक आरजी-५९ सव्वादोनशे मीटर, आरजी-६ तीनशे मीटर, जाड आरजी-११ साडेचारशे. त्यापुढे आधी रंग उडतात, मग कडा विरघळतात; बांधावर उभे आहे ते माणूस की बुजगावणे ते कळत नाही. नव्या संगणकी कॅमेऱ्यांची चार जोड्यांची केबल तर शंभर मीटरलाच थांबते. ती एकाच केबलमधून लाईटही नेते, ही तिची सोय. २००३ साली ठरलेल्या मानकात ती पंधरा वॅट देत होती, २००९ मध्ये तीस आणि २०१८ पासून नव्वदपर्यंत. पण शंभर मीटरचे बंधन तिन्ही वेळा तसेच राहिले. वस्ती ते विहीर तीनशे मीटर असेल तर मध्ये दोन ठिकाणी पेट्या बसवाव्या लागतील, म्हणजे उन्हापावसात दोन दुखणी वाढली.

हुकुमाची तार मात्र लांबची धाव घेते. आरएस-४८५ नावाची ती पद्धत पीळ घातलेल्या दोन तारांवर बाराशे मीटरपर्यंत चालते. गंमत आहे ती पिळात. हुकूम दोन्ही तारांवर उलटसुलट पाठवतात आणि पलीकडचा घेणारा फक्त दोघींमधला फरक बघतो. शेजारून मोटर सुरू झाली, स्टार्टर कडाडला, तर त्याची कुरबुर पिळामुळे दोन्ही तारांवर सारखीच पडते. तागडीच्या दोन्ही पारड्यांवर सारखे वजन टाकले तर काटा हलत नाही, तसे. म्हणूनच सुट्या, सरळ तारा जोडून भागत नाही. दोन्ही शेवटच्या टोकांना एकशेवीस ओहमचा रोध लावावा लागतो, नाहीतर हुकूम टोकाला आपटून परत फिरतो आणि स्वतःशीच भांडतो. एकाहून जास्त कॅमेरे असतील तर ते एकामागे एक माळेत गुंफायचे. मधूनच झाडाच्या फांद्यांसारखे फाटे काढायचे नाहीत.

चित्र उत्तम आणि मान मात्र हलत नाही, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा दोष क्षुल्लक असतो. हुकुमाच्या दोन तारा उलट लागलेल्या असतात, किंवा कॅमेऱ्याचा नंबर आणि चालवणाऱ्या पेटीतला नंबर जुळत नाही, किंवा एकाचा वेग चोवीसशे आणि दुसऱ्याचा शहाण्णवशे ठेवलेला असतो. म्हणजे एक जण सावकाश बोलतो आहे आणि दुसरा भराभर ऐकतो आहे. खांबावर चढण्याआधी घरात टेबलावर दोन फुटांच्या तारेने सगळे जोडून चालवून बघावे. मग खांबावर गेल्यावर बिघडले तर दोष तारेचा, एवढे तरी नक्की होते. शहरातून आलेली माणसे हे करत नाहीत, कारण त्यांना संध्याकाळच्या आत परतायचे असते.

आणखी एक दुखणे विहिरीच्या बाजूला हमखास दिसते. पडद्यावर काळसर आडवे पट्टे खालून वर सरकत राहतात. घराचे अर्थिंग वेगळे, विहिरीजवळचे वेगळे, दोघांत थोडा दाबाचा फरक. तो फरक चित्राच्या केबलच्या जाळीतून वाहतो आणि पट्टे होऊन दिसतो. जाळी एकाच टोकाला अर्थ करायची, किंवा मध्ये वेगळे करणारे यंत्र बसवायचे. कॅमेरा वाईट म्हणून परत करण्यात अर्थ नाही.

वीज पडते ती कुठे

वळवाचा पाऊस या भागात कसा येतो ते सांगायला नको. वैशाखात दुपारनंतर ढग चढतात, वारा सुटतो आणि पहिल्या थेंबाआधी कडकडाट सुरू होतो. मोकळ्या रानात वीस फुटांचा लोखंडी खांब आणि त्याला तीनशे मीटर धातूची तार जोडून आपण घरापर्यंत आणलेली. वीज खांबावरच पडली पाहिजे असे नाही. चार-दोन शेतांपलीकडे पडली तरी लांब तारेत धक्का उठतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे जळतात. हुकूम घेणारी चीप सर्वांत आधी जाते. दोन्ही टोकांना झटका झेलणारी यंत्रे, ज्यांना सर्ज प्रोटेक्टर म्हणतात, बसवावीत आणि खांबाला त्याचे स्वतःचे चांगले अर्थिंग असावे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात दोन बादल्या पाणी टाकायचे विसरू नये. कोरड्या मुरमात अर्थिंग नावालाच असते.

चित्र आणि हुकूम यांच्यासाठी खरा तोडगा म्हणजे काचेची तार, फायबर. तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो. त्यामुळे विजेचा धक्का नाही, अर्थिंगचे पट्टे नाहीत, अंतराचे भय नाही. एकेरी प्रकारची तार कित्येक किलोमीटर जाते. दोन टोकांना दोन छोट्या पेट्या लागतात. पूर्वी हे काम करणारा माणूस मुंबई-पुण्याहून आणावा लागे, आता गावोगाव इंटरनेटची तार टाकणारी पोरे आहेत आणि जोड देण्याचे यंत्र त्यांच्या गाडीत असते. केबल घेताना आत पोलादी तार नसलेली मागावी, नाहीतर विजेला परत वाट मिळते. फायबरला भंगारात किंमत शून्य. एकच अडचण. चोराला ते तोडल्यावर कळते. म्हणून तीही चरातूनच न्यावी, लाईटच्या केबलपासून फूटभर लांब, आपल्या वेगळ्या पाइपातून.

मळ्याची गोष्ट पुरी करतो. तिथे शेवटी घराची लाईट दोनशे तीसने खांबापर्यंत गेली, ट्रान्सफॉर्मर घरातून निघून खांबावरच्या पेटीत बसला आणि चित्रासाठी काचेची तार पडली. कॅमेरा तोच, पहिला. तोच घरात पडून होता.

अंतर फारच असेल, पाचशे-सातशे मीटर, मध्ये ओढा किंवा दुसऱ्याची जमीन, तर तार ओढण्याचा हट्ट सोडावा. सौर पत्रा आणि मोबाईलचे सिमकार्ड असलेले कॅमेरे मिळतात. त्यांचाही हिशेब आधी करावा. सरासरी दहा वॅट धरले तर दिवस-रात्रीत दोनशे चाळीस वॅट-तास, म्हणजे बारा व्होल्टला वीस अँपिअर-तास. श्रावणात तीन दिवस ऊन दिसले नाही तर साठ. बॅटरी निम्म्याच्या फार खाली जाऊ द्यायची नसेल तर शंभर-सव्वाशेची घ्यावी लागते आणि पत्रा शंभर ते दीडशे वॅटचा. जाहिरातीतल्या तळहाताएवढ्या पत्र्यावर फिरता कॅमेरा रात्रभर चालेल असे समजू नये. शिवाय पत्राही चोरीला जातो.

टेकडीवरचा माल आणि भिंतीविना तुरुंग

औंधला हा हिशेब शेतापुरता नाही. याच डोंगराच्या अंगावर श्री भवानी संग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने राजा रविवर्म्यांची चित्रे जमवली, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मुलाचे शिल्पही इथे आहे. मोठमोठ्या शहरांनी हेवा करावा असा हा ठेवा खटावच्या माळावर आहे. पौषातल्या यात्रेला डोंगर आणि गाव माणसांनी भरून जाते. अशा जागी कोणी कॅमेऱ्याची तार ओढायला निघाला, तर नकाशावरचे अंतर धरून केबल मागवू नये. चढावर तार जास्त लागते, वळसे असतात, प्रत्येक पेटीत दोन-तीन मीटर मोकळी ठेवावी लागते. सुंभ धरून प्रत्यक्ष मोजावे. केबल दहा मीटर कमी पडली की वायरमन जोड देतो, आणि जोड तिथेच पाणी धरतो.

तारा मोजता मोजता एक गोष्ट मनात येते. याच संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. आता सांगली जिल्ह्यात. १९३९ साली तिथे उघड्या तुरुंगाचा प्रयोग झाला. मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा इंजिनियर त्यामागे होता. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, हत्यारी पहारा नाही. कैदी आपल्या बायकापोरांसह राहून शेती करायचे. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट त्यावरूनच सुचला. खून केलेल्या माणसावर पहारा ठेवायचा नाही असे ठरवणारा मुलूख आज विहिरीवरच्या केबलसाठी खांब रोवतो आहे. कोणाला दोष देण्याचे कारण नाही, रात्री दोन वाजता ज्याची मोटर जाते त्याला तत्त्वज्ञान सुचत नाही. पण फिरता कॅमेरा शेजाऱ्याच्या अंगणातही बघतो, न्हाणीकडेही बघतो, हे ध्यानात असावे. पडद्यावरचा तेवढा भाग कायमचा झाकून टाकायची सोय बहुतेक फिरत्या कॅमेऱ्यांत असते. ती बसवतानाच करून घ्यावी आणि शेजाऱ्याला बोलावून दाखवावी. बांधावरून केबल न्यायला मग तोही आडकाठी करत नाही.

काम झाल्यावर बसवणाऱ्याला लगेच पैसे देऊ नयेत. अंधार पडू द्यावा. रात्रीचे दिवे लागू द्यावेत, कॅमेरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरता ठेवावा, आणि तो फिरत असतानाच खांबावरच्या पेटीत मीटर लावून व्होल्ट बघावेत. दिवसा, गप्प कॅमेऱ्यावर घेतलेला आकडा उपयोगाचा नाही. त्याच वेळी घरातली मोटर किंवा चक्की सुरू करून परत बघावे.

आमच्या त्या मळ्यावर आता रात्रीचे चित्र स्वच्छ येते. तक्रार आहे ती वेगळीच. रात्रीच्या दिव्याच्या उबेला किडे जमतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि काचेवर जाळे विणतो. पडद्यावर सगळे पांढरे फटक. पुण्याहून पोराचा फोन येतो, “दादा, काय दिसत न्हाय.” मग दादा बांबूच्या टोकाला फडके बांधतात, बॅटरी घेतात आणि तीनशे मीटर चालत विहिरीवर जातात.